बाटलीवरचं नाव

समुद्रकाठच्या उद्दानम पट्ट्यातल्या नारळ-काजूच्या बागा बघून पाहुणा हरखतो, पण तिथली मुलगी सून म्हणून न्यायची म्हटलं की मागे सरतो. त्या गावांतल्या माणसांच्या किडन्या का निकामी होतात, हे कुणालाच कळलेलं नाही. पाणी तपासून झालं, माती तपासून झाली, रक्त तर किती वेळा. दालम्माचा नवरा त्यातच गेला. तेव्हापासून तिने मनाशी एकच ठरवलं होतं: दोन्ही मुली बाहेरच्या गावांत द्यायच्या आणि या आजाराची कुणकुणही सासरी लागू द्यायची नाही.

थोरली भूलक्ष्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पाय सुजवूनच. ‘पोटुशीला येतेच सूज,’ दालम्मा शेजारणींना सांगत राहिली, आणि स्वतःलाही. त्यातच पावसाळ्यात मेडिकल कॉलेजची पोरं संशोधनासाठी गावात आली. त्यांना गरोदर बायकांची लघवी तपासायची होती.

“अम्मा, नाव कुणाला कळणार नाही,” सौजन्या नावाची तरुण डॉक्टरीण म्हणाली.

कळणार कसं नाही? बाटल्या गोळा करणारी आशाताई गावातलीच, आणि तिची नणंद नेमकी जावयाच्या गावात दिलेली. दालम्मानं बाटली घेतली आणि धाकट्या नागमणीला हाताला धरून परसात नेलं.

“मी कशाला? मला कुठं दिवस गेलेत?” नागमणी हसायला लागली.

“दात काढू नको. भर मुकाट्यानं.”

बाटलीवर नाव भूलक्ष्मीचं लागलं. लग्नाच्या पोरी असलेल्या घरांत बाटल्या अशाच बदलतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एवढं शिकलेल्या डॉक्टरांनाच तेवढं ठाऊक नव्हतं. पुढे पुन्हा तपासणीला या म्हणून निरोप आला, तोही दालम्मानं कानाआड केला. डॉक्टरांना काय, बोलवायची सवयच असते.

आठव्या महिन्यात भूलक्ष्मीला झटके आले. शहरात त्याच मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पोट फाडून पोर काढलं, मूठभर जीव. आई शुद्धीवर आली, पण तिची लघवी बंद ती बंदच. डॉक्टर तिचं रक्त मशीनवर धुवायला लागले. बाळाला ऊब द्यायला आईचं अंग नाही, म्हणून नर्सनं मावशीच्याच छातीशी ते बांधलं. शेजारच्याच बाळांच्या खोलीत, काचेपलीकडे, नागमणी दिवसभर खुर्चीत त्याला धरून बसायची. दालम्मा या दोघींच्या मध्ये नुसती येरझारा घालायची. दुसरं करणार काय?

एका सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन भूलक्ष्मीच्या खाटेशी आले. जावई ईश्वरराव उशाशी उभा होता.

“हिची जुनी तपासणी बघा,” ते पोरांना म्हणाले. “पावसाळ्यात आजाराची नुसती सुरुवात होती. आज दोन्ही किडन्या बंद. उद्दानमचा आजार एवढ्या झपाट्यानं वाढत नाही. म्हणजे हे दुसरंच काही असणार, औषधानं उतरणारं. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून पाहू.” मग ते ईश्वररावकडे वळले. “रक्तस्राव होऊ शकतो. जिवालाही धोका आहे. पण बरं व्हायची आशा तेवढी एकच.”

ईश्वरराव म्हणाला, “सही कुठं करू?”

येरझारा घालणारी दालम्मा खाटेशी थबकली. बोलावं तर लेकीचा संसार जातो, न बोलावं तर लेकीच्या अंगात सुई जाते.

“सुई नका घालू,” ती म्हणाली. “ती बाटली तिची नव्हती.”

“म्हणजे, अत्तम्मा?” जावयानं सासूला विचारलं.

“तिला आधीपासूनच सूज होती, बाबू. मी लपवलं.”

मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दालम्माला सोसवेना. “मग हा जुनाच आजार. सुईचा उपयोग नाही,” ते म्हणाले. “आता मशीनच.”

घोळका पुढच्या खाटेकडे गेला. ईश्वरराव बाहेर निघून गेला. भूलक्ष्मीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. घोळक्यातली सौजन्या तेवढी मागे राहिली.

“अम्मा, मग ती बाटली कुणाची होती?”

“आता ते कशाला? झालं ना सगळं.”

“त्यात आजाराची सुरुवात दिसली होती. म्हणून तर परत बोलावलं होतं. कुणाची होती, सांगा.”

दालम्मानं काचेकडे पाहिलं. नागमणीनं आईला पाहून मान हलवली, छातीवरच्या दुपट्याचं टोक जरासं उचलून बाळाचं तोंड दाखवलं आणि पुन्हा नीट झाकलं.