काळे आलेले फोटो

बाबांना देवयानी दिसली नाही. आता हे वाक्य विसरा. असं काही झालेलंच नाही, मीही तसंच धरून चाललोय.

देवयानी म्हणजे आपल्या शेजारची दीर्घिका. शेजारची मुलगी नव्हे. आईनं हा खुलासा पहिल्याच दिवशी मागून घेतला. बाबांनी चाळीस वर्षं स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढले. "डोळे उघडे ठेवा" असं दिवसातून शंभरदा म्हणणाऱ्या माणसाचा उजवा डोळा गेला आणि डाव्याला डॉक्टरांनी महिना दिला.

"जाता जाता एक भारी फोटो दाखव रे," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक हललेलं नसावं."

मी अकरा रात्री गच्चीवर कॅमेरा लावला. चारशे बारा फोटो. यातला एकेक सुटा पाहिला तर काळा कुळकुळीत. सगळे एकावर एक रचले की मग त्या काळ्यातून ती उगवते. आज रचणार होतो. बाबांना एवढंच सांगायचं राहिलं.

संध्याकाळी कामावरून आलो, तर बाबा कॉम्प्युटरला नाक लावून बसलेले. चेहरा खुललेला.

"तुझं काम हलकं केलं. काळे आले होते रे, वाया गेलेले. काढून टाकले."

"किती?"

"सगळे. एकेक नीट बघून. डोळा ठणकायला लागला, पण म्हटलं, पोराला तेवढीच मदत."

"कचऱ्याच्या डब्यात असतील ना, बाबा?"

"तोही रिकामा केला. खराब प्रिंट मी दुकानात कधी ठेवली नाही."

फोटो कॉम्प्युटरवर उतरवून कॅमेऱ्यातलं कार्ड मी रोज सकाळी पुसत होतो. शिस्त आमच्या रक्तातच आहे.

बाहेर आभाळ गच्च. बातम्यांत महिनाभर ढग.

"मग चांगला कधी येतोय?" बाबांनी विचारलं. "दोन्ही कान दिसले पाहिजेत हं."

"धुवायला टाकलाय," मी म्हणालो. त्यांना पटलं. मी कागद घेतला.

प्रति, देवयानी दीर्घिका.
विषय : प्रकाशाची दुय्यम प्रत मिळणेबाबत.

महोदया, आपण पंचवीस लाख वर्षांपूर्वी पाठवलेला प्रकाश अकरा रात्री सुस्थितीत पोचला होता. तो आमच्याकडून गहाळ झाला आहे. तरी तोच प्रकाश पुन्हा एकदा, शक्यतो ढगांच्या खालून, डावा डोळा चालू आहे तोवर पाठवण्याची कृपा व्हावी. सोबत वडिलांचा पासपोर्ट फोटो जोडला आहे. डोळे उघडे आहेत.