मीच बंद केलेले पाकीट

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. प्लॅस्टिकच्या पाकिटांची तोंडे बंद करणे हे माझे काम. लोक मला सीलिंग मशीन म्हणतात. आज मी पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत एका लोखंडी फळीवर पडून आहे. माझ्या मुठीला लाखेचा शिक्का मारलेली चिठ्ठी बांधली आहे. मी इथे कसा आलो, ते तुम्हाला सांगायलाच हवे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचे अंग, लाकडी मूठ आणि पोटात एक बारीक तार. मूठ दाबली की तार तापते आणि पाकिटाच्या दोन कडा वितळून एक होतात. एवढेच माझे ज्ञान. पाकिटात काय आहे, हे मला कधी कळत नाही.

मला विकत घेतले एका मावशींनी. त्यांचे फुलझाडांच्या बियांचे दुकान होते. बियांबरोबर त्या कपड्यांच्या कपाटात ठेवायच्या सुगंधी पानांच्या पुड्याही विकत. नवऱ्याच्या माघारी त्यांनी दुकान एकटीने चालवले आणि लेकीला शिकवले. "हा माझा उजवा हात बरं का," असे त्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, तेव्हा मला कोण आनंद होई!

एकदा माझी तार जळाली. शेजारच्या गाळ्यात घड्याळे दुरुस्त करणारे एक काका बसत. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. त्यांनी डोळ्याला भिंग लावून माझे पोट उघडले आणि नवी तार बसवली. केसाएवढा बारीक स्क्रू त्यांच्या चिमटीत जरासुद्धा हलला नाही. "वहिनी, हा आता आपल्या दोघांपेक्षा जास्त जगणार," ते मावशींना म्हणाले. पैसे म्हणून त्यांनी झेंडूच्या बियांची एक पुडी तेवढी नेली.

पुढे मावशींच्या लेकीचे लग्न झाले. दुकान मंदावले होते, म्हणून जावईबापू मदतीला येऊ लागले. माणूस बोलायला गोड. एके दिवशी त्यांनी कुठूनतरी डबे आणले आणि मागच्या खोलीची खिडकी लावून घेतली. मावशींची वाळवलेली पाने त्यांनी जमिनीवर पसरली, हातपंपाने त्यांच्यावर काहीतरी फवारले, वाळवले आणि चकचकीत पाकिटांत भरले. पाकिटावर हसऱ्या मांजराचे चित्र होते. खाली बारीक अक्षरांत काही छापले होते. मावशींनी चष्मा लावून ते वाचले.

"जावईबापू, 'मानवी सेवनासाठी नाही' असं का छापलंय यावर?"

"अहो आई, सुवास आहे हा. खोलीत जाळायचा."

"मग सेवन करायला कोण निघालं होतं?"

जावई हसले. "ते कायद्यापुरतं असतं हो. यातल्या रसायनाचं नाव बंदीच्या यादीत नाही. नाव नाही म्हणजे गुन्हा नाही."

मावशींना ते पटले नाही. पण जावयाला दुखवायचे कसे? लेकीचा संसार होता ना! त्यांनी माझी मूठ दाबली. ती त्यांना आणि मला, दोघांनाही जड गेली.

मग गिऱ्हाइके बदलली. बियांच्या फळीकडे कुणी बघेना. लोक मांजराकडे बोट दाखवत आणि पाकीट खिशात घालून चालू लागत. एक बसवाहक यायचा. आधी त्याचा गणवेश कडक इस्त्रीचा असे. पुढे गुंड्या भलत्याच काजांत दिसू लागल्या. नंतर तो एकटाच हसायचा आणि मान रक्त येईतो खाजवायचा. शेवटी तो यायचाच बंद झाला. त्याचे काय झाले, हे कुणी विचारले नाही.

पाकिटावरचे मांजर तेच राही, पण डब्यातले फवारायचे पाणी दर खेपेला वेगळे असे. कधी पिवळट, कधी नाकाला झोंबणारे. त्यात काय आहे, हे खुद्द जावयालाही ठाऊक नव्हते. हातपंपाचा फवारा काही पानांवर थेंबभर पडे, काही पाने निथळत. मी मात्र दोन्ही पाकिटे सारखीच बंद करत होतो.

त्याच सुमारास घड्याळकाकांची बायको वारली. काकांची झोपच उडाली. एकदा ते मावशींपाशी तसे बोलले, तर जावई लगेच पुढे झाले. "काका, हे घ्या. आपल्या घरचंच आहे. लहान बाळासारखे झोपाल."

मावशींनी मान वर केली. ओठ हलले. पण तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आले आणि शब्द तोंडातच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दुकानात आले. चेहरा राखेसारखा. "वहिनी, घड्याळं आज केवढ्यानं वाजतायत हो..." एवढे बोलून ते कोसळले. अंग ताठ झाले, तोंडाला फेस आला. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. तिच्यातून उतरलेली परिचारिका गुडघ्यांवर बसून विचारू लागली, "यांनी काय घेतलंय? कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा, वेळ नाहीये!"

जावई मावशींच्या कानाशी लागले. माझ्या अगदी शेजारीच. "आई, तोंड उघडू नका. दुकानाचा परवाना तुमच्या नावावर आहे. पहिल्या तुम्ही आत जाल."

मावशींनी एकवार त्यांच्याकडे पाहिले. मग फळीवरचे पाकीट काढून परिचारिकेच्या हातात दिले. "हे घेतलंय त्यांनी. आमच्याच दुकानातलं आहे. मीच बंद केलंय."

संध्याकाळी पोलीस आले. जावई हुज्जत घालू लागले, "साहेब, यादीत नाव दाखवा!"

"यादी कधीच बदलली," अधिकारी म्हणाले. "आता एकेक नाव नाही, या रसायनांचं अख्खं कुळच बंदीत आहे. आणि सेवन करू नका असं छापलंत, ते कशाला? लोक ओढतात हे ठाऊक होतं म्हणूनच ना?"

मग त्यांनी उरलेली पाकिटे आणि मला जप्त केले.

खटला चालला. मला न्यायालयात टेबलावर ठेवले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "हो, माझंच आहे." जावयांना दीर्घ शिक्षा झाली. मावशींनी खरे सांगितले म्हणून त्यांची शिक्षा कमी झाली, पण चुकली नाही. पाकिटे त्यांच्या हातची होती आणि परवानाही त्यांचाच. लेक एका बाकावर बसून होती. आधी कुणाकडे पाहून रडावे, हे तिला समजत नव्हते. घड्याळकाका वाचले. पण साक्षीच्या कागदावर सही करताना त्यांच्या बोटांत पेन ठरेना. शेवटी त्यांचा अंगठा घेतला. त्यांचा गाळा आता दुसऱ्या कुणीतरी घेतला आहे.

मला लवकरच मोडीत काढतील. त्याचे मला दुःख नाही. भीती वेगळीच आहे. या क्षणी कुठल्यातरी दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकी लावून, माझ्यासारखेच एखादे यंत्र तापत असेल. पाकिटावर मांजर नसेल, दुसरे काही गोजिरवाणे असेल.

म्हणून मित्रांनो, "यादीत नाव नाही, काही होत नाही" असे कुणी गोड बोलून सांगितले, तर ते पाकीट हातातही धरू नका. ते विकणाऱ्यालाही आत काय आहे ते माहीत नसते. आणि कुणी तुमच्यासमोर कोसळले, तर घाबरून गप्प राहू नका. मावशींसारखे खरे बोला. पण मावशींपेक्षा लवकर बोला.