सालीवर जाऊ नका

मी चाकू बोलतोय. दचकू नका. दोन-चार बोटं कापलीत मी, नाही म्हणत नाही, पण ती त्या बोटांच्या मालकांच्या धांदरटपणामुळे. माझं खरं काम सफरचंदाच्या पोटात शिरून आतली बातमी बाहेर आणायचं. आमच्या प्रेस्पा तळ्याकाठी ते माझ्याइतकं चांगलं कुणीच करत नाही. बढाई म्हणा हवं तर!

माझा जन्म रेसेनच्या बाजारातल्या एका लोहाराकडचा. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. नाउमे नावाच्या बागायतदाराने मला घेतलं तेव्हा तो नवरदेव होता. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात आणि माझं पातं झिजून निम्मं राहिलंय. हिवाळाभर मी त्याच्या बंडीच्या खिशात, तंबाखूच्या चुऱ्यात. कधी चीज कापायचं, कधी कांदा, कधी पोरांच्या पेन्सिली. मधे काही वर्षं गावाने फळ दाबून बघायचं यंत्र आणलं, तेव्हा मी ड्रॉवरमध्ये बुचं आणि सुतळीच्या गुंड्यांसोबत पडून होतो. यंत्र बिघडलं. मी काय बिघडणार? मला धार लावली की झालं.

आमची रीत सोपी. फळ कमरेत आडवं कापायचं आणि अर्धी फोड आयोडीनमध्ये बुडवायची. कच्च्या फळात पीठ असतं, ते काळंनिळं होतं. पिठाची साखर झाली की तिथे पांढरं राहतं, आणि ते पांढरं गाभ्यापासून काठाकडे सरकत जातं. गाभा पांढरा, काठ काळा, की लावा शिड्या! ते फळ ईस्टरपर्यंत टिकतं. सगळंच पांढरं झालं तर घरी नेऊन खा, साठवायचं नाव काढू नका. पण माणसं साल बघतात. लाली दिसली की पाघळली.

आमच्या गावात तोडणी इर्जिकीने होते. सगळे मिळून एकेकाच्या बागेत राबतात आणि सगळ्यांचा माल एकाच कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. एकाचं फार पिकलेलं फळ आत गेलं तर ते शेजारच्या पेट्याही पिकवून टाकतं. म्हणून नाउमेने फोड बघून हो म्हटल्याशिवाय कुणी फळाला हात लावत नसे.

त्या वर्षी उन्हाळा हटेचना. रात्रीसुद्धा उकडायचं. थंडीच नाही तर लाली कुठून येणार? फळं बाहेरून फिकी, आतून मात्र भराभर पिकत होती. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. मला उघडताना नाउमे अंगठ्याने चाचपायला लागला होता. त्याला नीट दिसत नव्हतं आणि ते त्याने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

रविवारी प्रार्थनेनंतर मंडळी आमच्या अंगणात जमली. नाउमेने फळ कापलं. त्याची सून लोझाना हिने फोड बुडवून त्याच्यासमोर धरली. फळं अजून फिकीच आहेत, असं तो सकाळपासून सगळ्यांच्या तोंडून ऐकत होता.

"काळं आहे," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यातला क्रॉसचा सण होऊ दे, मग तोडू."

मंडळी खूश! सणाआधी राबायला कुणाला हवंय? मी मात्र ती फोड जवळून बघत होतो. जवळजवळ सगळी पांढरी, कडेला फक्त काजळाच्या रेघेएवढं काळं. सणापर्यंत थांबलं तर गावाची वर्षाची मेहनत पेट्यांमध्येच मऊ पडून वाया जाणार होती. आणि मला ओरडता येईना.

"बाबा," लोझाना म्हणाली, "हे पांढरं आहे. उद्याच तोडायला हवं."

"काळं आहे म्हटलं ना!"

शेजारचा सोतीर खिदळला. "अगं बाई, चाकू सासऱ्याच्या हातात आणि नाक कापायला तू निघालीस?"

ती फोड तिने सगळ्यांपुढे नाचवली असती तर वाद तिथेच मिटला असता, आणि म्हातारा मेल्याहून मेल्यासारखा झाला असता. तिने ती एप्रनमध्ये गुंडाळली. आयोडीन न लागलेली दुसरी फोड तिने त्याच्या हातात ठेवली.

"तुम्हीच चाखून सांगा, बाबा. तुम्ही म्हणाल ते."

नाउमेने चावा घेतला. कच्चं फळ दातांना चिकटतं, तोंड कोरडं करतं. याचा रस त्याच्या मिशीवरून ओघळला. तो चघळत राहिला, इतका वेळ की मला वाटलं, आता हा हट्टी माणूस गिळून टाकणार आणि पुन्हा 'काळं' म्हणणार.

"पांढरं आहे," तो म्हणाला. "सून खरं बोलतेय. आणि ऐका, मला दिसत नाही. काळं काय नि पांढरं काय, सगळी राखच दिसते. सांगायची लाज वाटली."

सोतीरने टोपी काढून डोकं खाजवलं. "अहो काका, मग मघाशी माझ्या बायकोला 'आज छान दिसतेस' म्हणालात, ते काय?"

सगळे हसले, नाउमेसुद्धा.

आमच्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आणि कायमचा द्यायचा असेल तर फुकट द्यायचा नाही. नाउमेने मला पेटीवर ठेवलं, मूठ लोझानाकडे करून.

"एक दिनार टाक," तो तिला म्हणाला.

लोझानाला रडू फुटलं. माझाही जीव कासावीस झाला, लपवून काय करू? तिने एप्रनच्या खिशातून नाणं काढून ठेवलं, मला उचललं आणि नाक पुसत ठणकावलं, "उद्या उजाडताच शिड्या लावा. सण झाडावर चढून करू!"

ईस्टरला कोल्ड स्टोरेजमधलं फळ कापलं तेव्हा ते कर्रकन वाजलं. अख्ख्या गावाने ऐकलं.

आता मी लोझानाच्या खिशात असतो. ती फळ कापते, एक फोड आयोडीनमध्ये बुडवते आणि दुसरी बाकावर बसलेल्या सासऱ्याला चाखायला देते. दोघांचं एकमत झालं की शिड्या हलतात. माझं पातं आणखी झिजलंय, एक दिवस नुसती मूठ उरेल. त्याचं मला काही वाटत नाही. माझं मागणं एवढंच, सालीवर जाऊ नका. फळाच्या नको आणि माणसाच्याही नको.

नाउमेच्या बंडीच्या ज्या खिशात मी आयुष्य काढलं, तिथे आता तो दिनार असतो. बोलता बोलता त्याचा अंगठा आपोआप आत जातो आणि धार बघावी तसा नाण्याच्या कडेवरून फिरत राहतो.