मालतीबाईंचा जबडा

मालतीबाईंचं तोंड उघडलं आणि मिटलंच नाही, त्या क्षणी त्यांच्या लेकीला, सोनालीला, बघायला आलेल्या मुलाची आई धुरपदाबाई तिच्या नोकरीच्या विषयावर आल्या होत्या.

“लग्न झालं की पर्वत पाटिया भागातली नोकरी सोडावी लागेल बरं का,” त्या म्हणाल्या.

मालतीबाईंना खरं तर जांभई आली होती. पाहुण्यांसाठी पहाटेच उठून त्यांनी पुरण घातलं होतं. जांभई अर्ध्यावर असताना कानाजवळ कट् वाजलं आणि जबडा तिथंच अडकला. धुरपदाबाईंना हे कुठून कळणार?

“एवढं तोंड वासण्यासारखं काय बोलले मी? बरं, वर्षभर करू दे.”

तोंड उघडंच.

“बरं, पहिलं लेकरू होईपर्यंत.”

तोंड तसंच, वर डोळ्यांत पाणी.

“बरं बाई, करू दे नोकरी! रडता कशाला?”

योगराज कौतुकानं बायकोकडे बघत राहिला. ‘आज तू काही बोलू नको,’ असं त्यानंच सकाळी बजावलं होतं. न बोलता हिनं मैदान मारलं! मग हळूच म्हणाला, “आते पुरे. तोंड लाव.”

“आँ... आँ...”

“काय व्हयनं तुले?”

सोनालीनं आईच्या गालाला हात लावला आणि ओरडली, “बाबा, रिक्षा!”

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या गल्लीतून रिक्षा निघाली. मालतीबाईंच्या तोंडावर टॉवेल, शेजारी सोनाली आणि योगराज, पुढे रिक्षावाल्याला चिकटून धुरपदाबाईंचा मुलगा नितीन. अर्धवट राहिलेली बोलणी सोडवेनात म्हणून धुरपदाबाई दुसऱ्या रिक्षानं मागे.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, गुजराती. “मासी, गभराशो नहीं,” म्हणत त्यानं अंगठ्यांना पट्टी गुंडाळली, ते त्यांच्या खालच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबून मागे सरकवला. खट्! ओठ मिटले. मालतीबाईंनी दोन्ही हातांनी हनुवटी धरून ठेवली, पुन्हा कुठं जायला नको म्हणून.

डॉक्टरनं त्यांची बोटं त्यांच्याच गालावर ठेवली. दात आवळायला सांगितले. बोटांखाली गाठीसारखं काही टणक फुगलं. कानशिलावरही तसंच.

सोनाली मराठीत सांगत गेली. “आई, हे जबडा बंद करणारे स्नायू. आत, सांध्यापाशी, एक छोटा स्नायू आहे, तो तोंड उघडताना जबड्याची गोळी पुढे ओढतो. आज ती उंचवट्याच्या पलीकडे गेली आणि या गालातल्यांनी तिला तिकडंच आवळून धरलं. रोज आवळून आवळून त्यांचा ताळमेळ बिघडलाय, म्हणतायत. तुझी डोकेदुखीसुद्धा यांचीच.”

योगराज खाली बघू लागला. त्या डोकेदुखीसाठी त्यानं दोनदा चष्मा बदलून दिला होता आणि एक धडधाकट दाढ काढवली होती.

“दांत भींसो छो, मासी? केम?” दात का आवळता, असं डॉक्टरनं विचारलं.

घरी साड्यांना लेस लावताना धागा दातानं तोडायची सवय मालतीबाईंनी खुणेनं दाखवली. मग थांबल्या. एक नजर नवऱ्याकडे टाकली. डॉक्टरनं पुढे विचारलं नाही. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली. पातळ खायचं, मोठी जांभई द्यायची नाही, बोलणं अगदी कमी.

बाहेर बाकावर धुरपदाबाई मोकळेपणानं हसत होत्या. “म्हणजे जबडा अडकला होता! मला वाटलं, तुमची हरकत आहे. मग नोकरीचं मी आधी म्हटलं तसंच. सोडायची.”

योगराजनं मान डोलवायला सुरुवात केली होती.

“हरकत व्हती,” पट्टीतून आवाज आला.

“बोलू नका हो, डॉक्टरांनी...”

“माले हरकत व्हती. सोनाली नोकरी सोडाव नही.”

धुरपदाबाईंनी पदर सावरला. “कळवतो,” म्हणाल्या आणि नितीनला घेऊन गेल्या.

बरेच दिवस निरोप आला नाही. मग नितीनचा फोन आला. त्यानं आधी काकूंच्या जबड्याची चौकशी केली आणि मग आईची समजूत काढतोय म्हणाला. सोनालीनं अजून हो म्हटलेलं नाही. पण फोन घेते.

योगराज कामावरून आला की रव्याची पेज करायला बसतो. परवा मालतीबाईंनी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

“गुठळ्या शेतस.”

वाटी पुढ्यात ओढून योगराज चमच्याच्या पाठीनं एकेक गुठळी मोडू लागला.