जिभेची नोकरी

सोमशेखरने घोट तोंडात फिरवला, अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी थुंकला आणि डोळे मिटून घेतले. नेसरीहून आलेला गुरुपाद त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. काजूच्या बोंडांची वाईन काढायचा कारखाना तो नव्याने घालत होता आणि चव पारखणारा माणूस त्याला हवा होता.

"बोला की पावणं. कशी हाय?"

सोमशेखरला काहीच कळले नव्हते. गोव्याच्या वाईन कारखान्यात वीस वर्षे पारख केल्यावर एका तापात त्याची चव गेली, ती परत आलीच नाही. २००४च्या दिवाळीत नोकरीही गेली आणि तो उचगावला आईकडे परतला. कारण मात्र त्याने कुणालाच सांगितले नव्हते, आईलाही नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरे काम कोण देणार, हाच विचार करून करून तो थकला होता.

म्हणून तो बोलत सुटला.

"किनाऱ्यावरची वाईन गोडच असती बघा. द्राक्षं घाटावरनं खाली न्यायची. पाद्र्यांना चर्चसाठी वाईन लागायची. जहाजात नासू नये म्हणून तिच्यात कडक दारू मिसळायचे, मग लोकांना त्याच गोडाची सवय लागली. तुमची बी त्याच वळणाची हाय. अजून सहा महिनं मुरू द्या."

एवढे कुठल्याही बाटलीविषयी सांगता आले असते. गुरुपाद मात्र खूश झाला.

सोमशेखरची आई, अक्काताई, उंबऱ्याच्या आतून हे सारे ऐकत होती. गळ्यात लिंग, आयुष्यात खोटे बोलणे ठाऊक नाही, आणि दारात ही बाटली. लेकाच्या या नोकरीचा तिला वीस वर्षे राग होता. रागातच तिने आमटीला फोडणी दिली आणि रागातच दोघांना वाढले.

सोमशेखर पहिली भाकरी संपवून दुसरीला लागला.

"झकास झालीया, अव्वा."

आतापर्यंत चटणीशी भाकरी खाणारा गुरुपाद आमटीच्या पहिल्याच घासाला थांबला.

"मावशी, मीठ राहिलंय जनू."

मग त्याची नजर सोमशेखरच्या निम्म्या झालेल्या वाटीवर गेली. सोमशेखरचा हात ताटातच राहिला. आता संपले सगळे, एवढेच त्याच्या मनात आले.

अक्काताईने लेकाचा उतरलेला चेहरा पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला.

"त्येच्यात मीठ घातलंतं मी," ती म्हणाली. "तुमच्यात घालायचं राहिलं बघा."

तिने मिठाची वाटी पाहुण्यापुढे सरकवली. गुरुपादने मीठ कालवले, पोटभर जेवला आणि सोमवारपासून कामावर यायला सांगून गेला.

अक्काताई ताट उचलायला वाकली, पण उचलले नाही.

"कवापास्नं?"

"दोन वर्सं झाली."

ती खाली बसली.

"दिवाळीपास्नं घरात हाईस. रोज चांगलं झालंय म्हणत हुतास, ते?"

 त्याने रिकामे ताट तिच्यापुढे केले.

"अजून एक भाकरी वाढ, अव्वा."