वासावर पोसलेली बुरशी

प्रयोगशाळेत अकरा वर्षं मदतनीस म्हणून काढलेल्या ताईंना बुरशीचं काही वाटत नसे. पण मोहरीचा कुटलेला पाला चार दिवस डब्यात कोंडला, की त्याचा वास थेट घशात जाऊन बसायचा. घरी लेकसुद्धा म्हणायची, "आई, आधी आंघोळ, मग बोलू."

प्रयोग साधा होता. डब्याच्या तळाशी पाला आणि वर जाळीवर काचेची बशी. बशीत मक्याच्या कणसावरची बुरशी. दोघांचा स्पर्श नाही. पाल्यातून उडणाऱ्या उग्र वाफेनंच बुरशी रोखायची; जमलं तर धान्याच्या गोदामात असाच पाला ठेवायचा. ताज्या पाल्यानं ती रोखलीही होती. शिळ्या पाल्याच्या बारा डब्यांत मात्र ती माजली होती. करडी, केसाळ, बशीच्या कडेवरून खाली लोंबणारी, अंगावर पिवळट चिकट थेंब. ताईंना शिसारी आली.

"सर, शिळा वास हिला चांगलाच मानवलाय," त्या विभागप्रमुखांना म्हणाल्या.

सरांनी नाकाला रुमाल लावून डबा चाचपून पाहिला. "फेकून द्या. अहवालात ताज्या पाल्याचंच जाईल."

"अहो, पण गोदामात पाला शिळा होणारच की!"

"तुम्ही बशा धुवा, ताई. डोकं चालवायला मी आहे." डबा चाचपलेल्या त्याच हातानं त्यांनी बिस्कीट उचललं आणि तोंडात टाकलं.

डब्यातली घाण परवडली, असं ताईंना झालं.

दुपारी धान्य गोदामांच्या संघाचे दोघे आले. सर हसतहसत स्वच्छ बशा दाखवत होते. ताईंनी शिळ्यातला एक डबा आणून टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. एक पाहुणा खोकत मागे सरला. दुसऱ्यानं नाक दाबून विचारलं, "हे काय आणलंत?"

"तोच पाला. चार दिवसांनंतरचा. असे बारा डबे आहेत."

"चुकून झालंय ते," सर घाईघाईनं म्हणाले.

"बाराही चुकून?" पाहुण्यानं विचारलं.

गोदामात पाला ठेवायचं तिथंच थांबलं. चाचण्या नव्यानं करायच्या ठरल्या. पाहुणे गेले तशा ताई बेसिनपाशी धावल्या आणि भडाभडा ओकल्या. सर मागे येऊन उभे राहिले.

"झालं समाधान?"

ताईंनी चूळ भरली, तोंड पुसलं. "नाही हो. अजून अकरा डबे उघडून लिहून काढायचेत."