लायक नाही म्हणे!

शाळेच्या गणवेशाचे ऐंशी शर्ट कापायचे होते. कटिंगवालीने कापडाचे सगळे थर सुलट बाजू वर ठेवून अंथरले, बाहीचा एकच साचा मांडला आणि मशीन फिरवलं. थर समोरासमोर घातले असते तर डाव्या-उजव्या जोड्या निघाल्या असत्या. निघाल्या त्या सगळ्या डाव्या.

"अहो, शिकाऊ मुलगीसुद्धा असं करत नाही," सुपरवायझर म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. बारा वर्षं तिच्या हातून चिंधी वाया गेली नव्हती. पण बाळ झालं, ते सात महिन्यांचं झालं, आणि ही मात्र दिवसेंदिवस जड होत गेली. हाक मारली तरी दोन क्षणांनी वळायची.

घरी सासूबाई म्हणत, "आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत? अंग मोडून काम केलं की सगळं जातं." नवरा म्हणे, "मनावर घे जरा." ऐकून ऐकून तिलाही पटलं होतं, की आपण मुळातच आळशी, आजवर नुसतं निभावून नेलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने राजीनामा लिहिला. "मी या कामाला लायक नाही." शेजारी बसलेल्या काजबटणवाल्या मावशींनी तो सरळ उचलून वाचला.

"सगळ्या पंख्याखाली घामाघूम, आणि तू स्वेटर घालून?"

"थंडी वाजते, मावशी."

"केस गळतात? आवाज बसलाय, तो सर्दीने?"

"सर्दी नाहीये. पण त्याचा काय संबंध?"

"मीही एकदा अस्संच लिहिलं होतं गं, लायक नाही म्हणून. मला वाटलं, हा माझा स्वभाव. निघालं काय, तर थायरॉईडचं हार्मोन कमी. ते कमी पडलं की अंग तर मंदावतंच, पण माणूस स्वतःलाही कवडीमोल समजायला लागतं. आधी रक्त तपासून घे. मग खुशाल दे राजीनामा, मी नाही अडवणार."

तपासणीत तेच निघालं. "बाळंतपणानंतर काहीजणींना होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक उदासी यामुळेच असते असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं?" रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.

जादू झाली नाही. पहिले काही आठवडे फरक दिसेना, तेव्हा तर ती मावशींवरच चिडली. पण दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिने तीनशे शर्टांचे थर लावले, खडू फिरवला, मशीनने कापले, आणि मान वर केली तेव्हा जेवणाची घंटा झाली होती. सुपरवायझरने एकेक गठ्ठा उलगडून पाहिला. एक दोरा इकडचा तिकडे नव्हता!

"आता नव्या मुलींना तुम्हीच शिकवा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने घरी आजवर न दाखवलेला रिपोर्ट उघडून सगळं सांगितलं. या वेळी आवाज खाली घेतला नाही. "मी आळशी नव्हते. आजारी होते."

सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे आजारी माणसाला मी टोमणे मारत होते." उठून त्यांनी फोन लावला, आपल्या धाकट्या जावेला, जिला सगळं घर पंधरा वर्षं 'झोपाळू' म्हणत आलं होतं. "उद्या तयार राहा. तुझं रक्त तपासायला जायचंय, मी येते सोबत. आणि हे बघ, त्या नावाने आता तुला कुणी हाक मारली, तर माझ्याशी गाठ आहे."

घराघरांत अशी एक तरी असते. तिला नाव ठेवण्याआधी एवढंच विचारू या, बरं वाटतंय ना तुला? आणि ती तुम्हीच असाल, तर स्वतःवर निकाल देण्याची घाई करू नका. तुमच्या आतून दरवेळी तुम्हीच बोलत असता असं नाही, कधी आजारही बोलतो.